तीन आयांची खोली

वहिनी : नाही हो भाऊजी, पाच जणांना एक खोली तिकडे देतच नाहीत. चौघांचं नाव काढलं तरी हॉटेलवाले आधी मुलांची वयं विचारतात.

धाकटा : वयं कशाला? लग्नं जमवायची आहेत का?

वहिनी : मूल अगदी तान्हं असलं तर त्यांच्या लेखी ते माणूस नसतं. जरा मोठं असलं की त्याला पलंग पाहिजे. आणि खोलीत जितके पलंग तितकीच माणसं. आपल्यासारखी गादी टाकली आणि आडवे झालो, असं तिथे चालत नाही.

धाकटा : आम्ही भावंडं सुट्टीत हॉलमध्ये एका रांगेत झोपायचो. झोपताना कोण कुठे आणि उठताना कोण कुठे, कशाचा कशाला मेळ नसायचा.

वहिनी : ते इथे. युरोपात चौघांची खोली मिळवतानाच माझ्या तोंडाला फेस आला. ही बघा, पहिल्या शहरातली. पलंग चार आहेत, पण छप्पर उतरतं आहे. तुमचे दादा सकाळी उठून बसले की डोकं थेट तुळईला.

धाकटा : त्याला तिथेच झोपवा. दोनदा आपटलं की शहाणा होईल. आणि ही कुठली?

वहिनी : दुसऱ्या गावातली. खोली ऐसपैस आहे, पण चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग मावते. बॅग मोठी असली तर माणसानं जिन्यानं यायचं.

धाकटा : एक मात्र आहे. शाळेचं वेळापत्रक लावणाऱ्या बाईंच्या हाती खोल्या दिल्या, हे दादानं बरोबर केलं.

वहिनी : काय बरोबर केलं? स्वतः उंटावरून शेळ्या हाकायच्या. "चांगलं काहीतरी बघ गं," एवढं म्हटलं की ह्यांचं काम झालं. वेळापत्रकात निदान तास कुठेही ढकलता येतो. इथे माणसं आहेत. ताईंचे चौघं, आमचे चौघं, तुमचे चौघं. बारा जण कसे सुरेख बसतात बघा, चौघांच्या तीन खोल्या.

धाकटा : आणि तेरावी आमची आई.

वहिनी : हळू बोला, त्या आतच आहेत. त्यांच्यासाठी एकटीची खोली मागितली की ती नेमकी वेगळ्याच मजल्यावर, नाहीतर रस्त्यापलीकडच्या इमारतीत. परक्या मुलखात त्यांना एकटं कसं ठेवायचं? रात्री काही लागलं, दाराचं कुलूप उघडता आलं नाही, तर? आणि आपल्यापैकी कुणाच्या खोलीत पाचवा पलंग मागितला तर सरळ नाही म्हणतात. एका हॉटेलनं तर उत्तरसुद्धा दिलं नाही.

धाकटा : तळ्याकाठच्या हॉटेलच्या त्या बाई बऱ्या म्हणाला होतात ना तुम्ही?

वहिनी : त्या भल्या आहेत. म्हणाल्या, एक जादा पलंग टाकू, फक्त कुणाच्या खोलीत ते कळवा. तिथेच माझं घोडं अडलंय. एकाच्या खोलीत आई दिल्या की बाकी दोघांना वाटणार, आम्ही काय घोडं मारलं होतं. म्हणून मी बाईंचा मेलचा पत्ता घरच्या ग्रुपवर टाकला, खोल्यांचे फोटो टाकले आणि पलंगाचा विषय गुंडाळून ठेवला.

धाकटा : हं. पत्ता बघितला मी. मला एक सांगा, काल संध्याकाळी तुमच्या आईंना कुठली खोली दाखवलीत?

वहिनी : तुम्हाला काय माहीत?

धाकटा : तुमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली माझी गॅलरी आहे. रोज फुकट युरोप ऐकतो.

वहिनी : तळ्याकाठचीच दाखवली. मोबाइलवर तिला नीट दिसत नाही, म्हणून मी सांगत जाते. आधी पडदे. कापड कसलं आहे, चुण्या भरपूर घातल्यात की चिक्कूपणा केलाय, खालची पट्टी किती मुडपली आहे. जन्मभर लोकांचे ब्लाउज शिवून मला शिकवलं तिनं, अजूनही शिवते. कुठल्याही खोलीत तिची नजर आधी कापडावर जाते. मग म्हणाली, खिडकी उघडली की पाणी दिसतं का बघ. मी म्हटलं, दिसतं. तर म्हणाली, छान आहे, जाऊन या.

धाकटा : मग त्यांना घेऊनच चला की.

वहिनी : भाऊजी, असलं काही बोलू नका.

धाकटा : का बोलू नको? एकट्याच असतात. तुमच्याशिवाय त्यांना कोण आहे?

वहिनी : कुणी नाही. पण ही तुम्ही तिघा भावंडांनी मिळून तुमच्या आईंसाठी ठरवलेली सहल आहे. त्यात मी माझी आई कुठे घुसडू? आणि तेराव्या माणसाला पलंग मिळेना, तिथे चौदाव्याचं नाव मी कुठल्या तोंडानं काढू?

धाकटा : पण मनात आहे ना?

वहिनी : मनात आहे, खूप आहे. फोन ठेवला की रोज वाईट वाटतं. आपण हिंडणार आणि ती तिथे मशीनवर वाकून बसणार. कधीतरी वाटतं, ह्या खोल्या शोधायचंच काम नको. पण तुमच्या दादांजवळ ह्यातलं अक्षर काढाल तर खबरदार.

धाकटा : नाही काढत. मेल आली वाटतं तुम्हाला, बघा.

वहिनी : तळ्याकाठच्या बाईच आहेत. थांबा, वाचते. "आपल्या तिन्ही पत्रांबद्दल आभार." तिन्ही? मी ह्या आठवड्यात एकही लिहिलेलं नाही.

धाकटा : असेल काहीतरी त्यांच्याकडची गडबड. सोडा.

वहिनी : "पहिल्या पत्राप्रमाणे, एका खोलीत आईसाठी जादा पलंग टाकते. तो खिडकीजवळ असेल, कारण आईला कोंडल्यासारखं होतं. दुसऱ्या पत्राप्रमाणे, दुसऱ्या खोलीत आईसाठी जादा पलंग टाकते. तो बाथरूमजवळ असेल, कारण आईचे गुडघे दुखतात."

धाकटा : पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.

वहिनी : "तिसऱ्या खोलीतला आईचा पलंग दोन मुलांच्या मध्ये असेल, कारण आई गोष्टी सांगते, आणि ती घोरायला लागल्याशिवाय जुळ्या मुलांना झोप येत नाही. आपल्याबरोबर तीन आया येत आहेत, हे वाचून आनंद झाला. माझ्या मोजण्यात चूक नाही ना?" भाऊजी?

धाकटा : काय?

वहिनी : खाई त्याला खवखवे. तुमचे कान लाल झालेत.

धाकटा : अहो, तुम्ही पत्ता टाकलात. म्हटलं, दादा काही बोलायच्या आत आपला पलंग टाकून घ्यावा. एकदा पलंग पडला की आई आमची. मला काय माहीत, दोघांच्याही डोक्यात हेच शिजतंय?

वहिनी : खिडकीवाले आमचे हे. दुसरं कोण असणार? घरातही कुणी आजारी पडलं की औषधाआधी खिडकी उघडतात.

धाकटा : आणि गुडघेवाली ताई. थांबा, तिला विचारतोच. तुम्ही दादाला लावा.

(दोघंही फोन लावतात. बोलणं संपतं तेव्हा वहिनी हसू आवरत असते.)

वहिनी : हे आधी कबूलच होईनात. म्हणाले, मी फक्त चौकशी केली होती. मग म्हणाले, आई माझ्याकडेच राहते, तर तिकडेही माझ्याकडेच राहणार, त्यात विचारायचं काय? तुमच्या ताई?

धाकटा : उलट माझ्यावरच उखडली. म्हणे बारा महिने आई तुम्हा दोघांकडे, प्रवासात तरी माझ्या वाट्याला येऊ दे. असं म्हणून रडली. मग मी घोरण्याचं सांगितलं तशी हसायला लागली. तिचे मिस्टर मागून विचारत होते, नक्की काय झालंय.

वहिनी : तीन तिघाडा, काम बिघाडा. आता त्या बाईंना काय उत्तर देऊ?

आई : कसला बिघाडा? मघापासून दोघं खिदळताय, आत माझा चहा निवाला. मला कळेल असं सांगा.

वहिनी : काही नाही आई, हॉटेलचं चाललंय. खोल्या चौघा-चौघांच्या आहेत आणि आपण तेरा. मग तुमचा पलंग कुणाच्या खोलीत टाकायचा, हे ह्या तिघांनी एकमेकांना न विचारता परस्पर कळवून टाकलं. तिघांनीही आपापल्या खोलीत मागितला, एकानं तर तुमच्या घोरण्यासकट. तिकडच्या बाईंना वाटतंय, आपल्या घरात तीन आया आहेत.

आई : म्हणजे मी दुष्काळात तेरावा महिना.

वहिनी : तसं नाही हो, आई.

आई : अगं, गंमत करते. उलट बरं वाटलं. बागेतल्या बायका सांगतात, मुलं आईला एकमेकांकडे ढकलतात. माझी ओढताहेत. हे सगळं मी उद्या त्यांना सांगणार आहे. ते घोरण्याचं कुणी लिहिलं?

धाकटा : भाषांतरात काहीतरी झालं असेल.

आई : मी घोरत नाही.

धाकटा : नाहीच घोरत. तू आता सांग, तुला कुणाकडे झोपायचंय? तू म्हणशील तसं कळवतो.

आई : मी नाही सांगणार. एकाला हो म्हटलं की दोघं तोंड फुगवणार. तू तर पाळण्यात असल्यापासून फुगवतोस. त्या बाई आणखी काय म्हणतात? संपलं पत्र?

वहिनी : नाही, अजून आहे. "तीन वयस्कर बायका वेगवेगळ्या खोल्यांत, मुलांच्या गर्दीत अवघडून झोपणार, हे मला बरं वाटत नाही. त्यापेक्षा तळमजल्यावरची माझी तीन पलंगांची खोली त्यांना देऊ का? जिना चढायला नको. दारासमोर बाक आहे, तिथून तळं दिसतं. संध्याकाळी माझी आई शेजारणींना घेऊन त्या बाकावर बसायची. ती गेल्यापासून मी ही खोली नीट माणूस बघूनच देते. आपल्या आयांना आवडेल असं वाटतं."

आई : बाकाचं परत वाच.

वहिनी : "संध्याकाळी माझी आई शेजारणींना घेऊन त्या बाकावर बसायची."

आई : हं.

धाकटा : चांगली बाई आहे. पण आता खरं सांगायला पाहिजे. लिहा वहिनी, आई एकच आहे, पोरं तीन आहेत, क्षमस्व.

आई : थांब. काय लिहायचं ते मी सांगते. तीन आया येताहेत म्हणून लिही.

धाकटा : कुठल्या तीन?

आई : परक्या देशातली बाई, तिनं मायेनं आपल्या आईची खोली काढून दिली. तिला काय सांगणार, आमची पोरं खुळी आहेत? तीन म्हटलंय तर तीन जाऊ.

धाकटा : आणि उरलेल्या दोन आणायच्या कुठून?

आई : का? तुम्हाला सासवा नाहीत?

धाकटा : माझ्या सासूबाईंना सोड. विमान डोक्यावरून गेलं तरी त्या घरात बसल्या बसल्या खाली वाकतात.

आई : त्यांना नको छळायला. ताईच्या सासूबाईंना घ्या. ह्यांच्या सहलीपायी त्यांची धाकट्या मुलाकडे रवानगी व्हायची आहे, म्हणून फुरंगटून बसल्यात बिचाऱ्या.

धाकटा : त्या? मागच्या वेळी पत्त्यांवरून तुम्ही दोघी दोन दिवस बोलत नव्हता.

आई : लबाडी करतात त्या पत्त्यांत. पण खेळतात ईर्षेनं. तुम्ही पोरं मला खूश करायला मुद्दाम हरता, त्यात काय राम आहे? मला लबाडी पकडायला माणूस पाहिजे.

धाकटा : बरं, ह्या झाल्या दोन. तिसरी?

आई : तिसरी कोण, हे मी सांगायचं? तू का गप्प गं?

वहिनी : भाऊजी, तुम्ही आईंना काही बोललात का?

धाकटा : मी इथून हललोय तरी का?

आई : त्यानं कशाला सांगायला पाहिजे? माझी खोली गॅलरीला लागून आहे आणि माझे कान शाबूत आहेत. रोज संध्याकाळी पडद्याच्या चुण्या मोजतेस फोनवर. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी जुनी खोड. मी म्हटलं, आज विचारेल, उद्या विचारेल. तू विचारेनास. मग मला वाटलं, तुझ्या आईंनाच यायचं नसेल.

वहिनी : तिला यायचंय, आई.

आई : मग बोलायचं होतंस.

वहिनी : कशी बोलणार? खोल्यांचं सगळं माझ्या हातात. म्हणाले असते, बुकिंगला बसवलं तर हिनं आपलं माणूस आत घेतलं. आणि आधीच तेराव्या माणसाचं कुठे जमत नव्हतं.

आई : ते तेरावं मीच.

वहिनी : तुम्हाला नाही हो म्हणत मी.

आई : माहीत आहे गं. पण आपलं माणूस आणि परकं माणूस, ही काय भाषा झाली? माझ्या नातवंडांची जेवढी मी आजी, तेवढ्याच त्या. तुझं बाळंतपण कुणी केलं? माझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि त्यांनी इथे येऊन तुझं बघितलं, वर माझंही बघितलं. जाताना माझे चार ब्लाउज उसवून, आतली माया सोडून सैल करून गेल्या. मला विचारलंही नाही, नुसतं बघून कळलं त्यांना मी जाड झालेय.

धाकटा : एक मिनिट. तळ्याकाठचं जमलं, पण बाकीच्या गावांत काय? तिथे तेरांचीच बोंब आहे.

वहिनी : अहो, थांबा. आता पंधरा ना? चौघांच्या तीन आणि तिघींची एक. भाऊजी, तिघांची खोली तिकडे कुठेही मिळते. मिळत नव्हता तो पाचवा पलंग, आणि शेजारची एकटीची खोली. हे बघा, पहिल्या शहरात, त्याच जिन्यावर, तिघांची. आणि दुसऱ्या गावातही त्याच मजल्यावर आहे. मी इतके दिवस एक माणूस कुठे कोंबू म्हणून डोकं धरून बसले होते, आणि आणखी दोन घेतली असती तर गणित तेव्हाच सुटलं असतं.

आई : माणसं वाढली की जागा होते. मी ह्या घरात आले तेव्हापासून बघते आहे.

धाकटा : दुसऱ्या गावात चौथा मजला आहे. तुम्ही तिघी कशा चढणार?

आई : लिफ्टनं, एकेक करून. बॅगा तू जिन्यानं आण.

धाकटा : बॅगा आणीन. पण खरी अडचण राहिलीच की. हॉटेलांचं नक्की झालं की लगेच व्हिसाचे कागद द्यायचेत. ताईच्या सासूबाई मुलाकडे परदेशी जाऊन आल्यात, त्यांचा पासपोर्ट आहे. तुमच्या आईंचा आता काढायचा म्हणजे, वहिनी, वेळेत होईल का?

वहिनी : आहे.

धाकटा : काय आहे?

वहिनी : पासपोर्ट. मुलांचे काढले, त्याच वेळी तिचाही काढला.

आई : आणि त्यांना काय सांगितलंस?

वहिनी : बँकेच्या कामाला लागतो म्हणून. जायचं नाही हे मला माहीत होतं, आई. तरी म्हटलं, सगळ्यांचे काढतेय तर तिचा का नको? माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

धाकटा : वहिनी, भांडं नुसतं लपवलं नाहीत, त्याला कुलूप घातलंत.

वहिनी : हसा तुम्ही.

धाकटा : हसत नाहीये. खालच्या मजल्यावर राहून मलाही हे कळलं नाही, ह्याचं वाईट वाटतंय.

आई : ते पुढे बघू. तुझ्या आईंना फोन लाव आणि माझ्याकडे दे. तू बोललीस तर त्या शंभर कारणं काढतील. मला नाही म्हणणार नाहीत.

वहिनी : ह्यांना आधी विचारू या का? आणि ताईंना?

आई : त्यांनी मला विचारलं होतं का, पलंग टाकताना? लाव तू. हं, वाजतोय. नमस्कार विहीणबाई, मी बोलते. नाही नाही, तिला काही झालेलं नाही, समोर बसली आहे धडधाकट. ऐका, मे महिन्यात आम्ही सगळे जातोय ना, त्यात तुम्ही आहात. आहात म्हणजे आहात. तुमच्या नावाचा पलंगसुद्धा पडलाय. आपण तिघी एका खोलीत. तिसऱ्या म्हणजे ताईच्या सासूबाई. मला एकटीला त्यांच्यासमोर पत्ते खेळायला बसवता का तुम्ही? छे, अडचण कसली? उलट तुम्ही नाही आलात तर आमचा हिशेब बसत नाही, विचारा तुमच्या लेकीला. पासपोर्टचं म्हणाल तर तो तयार आहे, ती सांगत होती, बँकेच्या कामासाठी म्हणून तुमच्याकडून… हो? बरं. हं. असं म्हणता?

वहिनी : काय म्हणतेय? नाही म्हणते आहे ना? तिला सांगा, मी खोटं बोलले होते.

आई : अगं, थांब जरा. त्या म्हणताहेत, बँकेला असला पासपोर्ट लागत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण म्हणे, मी एक शब्द विचारला असता, तर माझ्या पोरीला तुमच्या घरात शब्द टाकावा लागला असता. म्हणून सही केली आणि गप्प बसले.

धाकटा : वहिनी, फोन घ्या. डोळे मागाहून पुसा.

वहिनी : आई… हो, ऐकतेय. खरंच, तुला न्यायचंय. नाही गं, कुणाला अडचण नाही, सगळं बसलंय. ते मी येऊन सांगते. आधी एवढं ऐक, मे महिन्यात कुणाचे ब्लाउज शिवायला घेऊ नकोस.